सातव्या ओळीतला देश

कोरियन भाषेच्या वर्गात नऊ जण होते. पाच पोरी मालिका बघून भाषेच्या प्रेमात पडलेल्या, तिघे तरुण तिकडच्या कारखान्यात नोकरी मिळावी म्हणून आलेले, आणि नववा पेंटर. वय अठ्ठावन्न, गुडघे कुरकुरणारे, नखांच्या कडांत निळा ऑइलपेंट कायमचा मुरलेला. चाळीस वर्षं त्यानं पाट्या रंगवल्या होत्या. दवाखान्यांच्या, वकिलांच्या, 'गेटसमोर गाडी लावू नये'च्या. छापील फलक आले आणि ब्रश बाजूला पडला. आता दारावरच्या नावाच्या पाट्या आणि ट्रकमागचे नंबर एवढंच काम उरलं होतं.

वर्ग शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत भरायचा, शनिवारी आणि रविवारी सकाळी. खाली मशीन सुरू झालं की वरची फरशी थरथरायची. शिकवणाऱ्या बाई तिशीच्या आतल्याच. चार वर्षं कोरियात गाड्यांच्या सीट शिवायच्या कारखान्यात काढून त्या परत आल्या होत्या. डाव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती, त्यामुळे खडू आणि डस्टर दोन्ही उजव्याच हातात.

"काका, तुम्हाला पण एखादी हिरॉइन आवडली की काय?" पोरींनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"डोकं गंजू नये म्हणून आलोय गं," पेंटर म्हणाला होता, आणि सगळे हसले होते.

खरं कारण त्याच्या कापडी पिशवीत होतं. चार पानं, प्लास्टिकच्या पाकिटात. एकुलता एक मुलगा कोरियाच्या समुद्रात मासेमारीच्या बोटीवर कामाला गेला होता. लग्नाला चौदा महिने झाले होते. दोन वर्षं राहीन, घराला वरचा मजला चढवीन आणि परत येईन, असा त्याचा हिशेब. पाचव्या महिन्यात वादळात बोट उलटली. अकरा जण होते. त्याला तिकडे पाठवणाऱ्या एजंटनं फोन करून सांगितलं, "पेंटर, तुमचा पोरगा बेपत्ता आहे. शोध चाललाय." तीन आठवड्यांनी बोटीच्या कंपनीकडून कागद आले. वर एक चिठ्ठी, आपल्या भाषेत, एजंटच्या ऑफिसनं टाइप केलेली: बेपत्ता. खाली चार पानं कोरियन.

"यात काय लिहिलंय?" पेंटरनं विचारलं.

"वर लिहिलंय तेच," एजंट म्हणाला. त्यालाही ती भाषा वाचता येत नव्हती. पण तसं तो म्हणाला नाही.

सुनेनं फोनवर पानांचे फोटो काढून भाषांतर करून बघितलं. झेरॉक्सची झेरॉक्स ती, अक्षरं पुसट. फोन म्हणाला, 'समुद्राने हवामान खाल्ले व जहाज नम्र झाले.' ती हसली, आणि हसता हसता तोंडावर ओढणी घेऊन मोरीत गेली.

"चार पानांत एवढं एकच असेल का हो?" बायको म्हणाली. "एक शब्द सांगायला चार पानं लागतात का?"

त्यानंतर आठ दिवसांनी पेंटरनं वर्गात नाव घातलं. मी स्वतः शिकतो आणि वाचतो, असं त्यानं घरी सांगितलं. सून म्हणाली, "बाबा, त्या बाईंनाच वाचायला द्या ना. पाच मिनिटांचं काम." त्यावर तो म्हणाला, "दुसऱ्याच्या तोंडून ऐकून झालंय एकदा."

हे कारण चांगलं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. रोज सकाळी दाढी करताना आरशातल्या माणसाला खरं कारण माहीत असायचं. कागद जोवर वाचला जात नाही, तोवर पोरगा बेपत्ता होता. बेपत्ता माणूस कुठल्या तरी बेटावर असू शकतो, दवाखान्यात नाव विसरून पडलेला असू शकतो. बाईंनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं, ऑफिसचे कागद वाचण्याइतकी भाषा यायला तीन वर्षं लागतात. तीन वर्षं! पेंटरला तेवढी मुदत हवी होती. शिकतोही आहे आणि वाचतही नाही, असा हा मधला मार्ग. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे त्याला कळत नव्हतं असं नाही.

पण अक्षरांशी त्याचं जन्माचं नातं, तिथं तो स्वतःला आवरू शकला नाही. कोरियन अक्षरं बघून तो हरखलाच. काड्या, गोल आणि चौकोन. प्रत्येक अक्षराचा एक ठोकळा, पट्टीनं आखल्यासारखा. तीन आठवड्यांत त्याला लिहिलेलं वाचता येऊ लागलं. अर्थ नाही, नुसता उच्चार. बाई फळ्यावर लिहायच्या आणि पेंटर वहीत असं उतरवायचा, की बाई म्हणायच्या, "काका, तुमच्यापुढं माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय."

त्याच आठवड्यात एके दुपारी त्यानं पाकीट उघडलं. तिसऱ्या पानावर एक तक्ता होता. अकरा ओळी, चार रकाने. पहिल्यात आकडा. दुसऱ्यात नावं असावीत. तो बोट ठेवून एकेक ठोकळा फोडत गेला आणि सातव्या ओळीत त्याला मुलाचं नाव सापडलं. जरा वाकडं, जीभ अडखळल्यासारखं, पण तेच. त्यानं बायकोला हाक मारली. ती पीठ लागल्या हातानं आली. "हे बघ," तो म्हणाला. ती त्या ठोकळ्यांकडे बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "छान लिहिलंय." पुढं काय लिहिलंय हे तिनं विचारलं नाही, आणि त्यानंही पुढचे रकाने बोटाखाली घेतले नाहीत. डोळ्यांना मात्र आवर कसा घालणार? तिसऱ्या रकान्यात कोणती आकृती कितीदा आली, चौथ्या रकान्यात तीनच प्रकारचे शब्द कसे उलटसुलट येतात, हे सगळं त्याच्या डोक्यात जाऊन बसलं. चाळीस वर्षांची सवय. नजर टाकली की पाटी पाठ.

चौथ्या आठवड्यात, शनिवारी, बाईंनी नवा धडा काढला. देशांची नावं.

"देशाला म्हणायचं नारा," बाई म्हणाल्या. "माणूस म्हणजे साराम. आधी देश, मग साराम, झालं त्या देशाचं माणूस. समोरच्याला विचारायचं, ओनु नारा सारामियेयो? तुम्ही कुठल्या देशाचे?"

"नारा तर आपण मोर्चात देतो," एक तरुण म्हणाला. वर्ग हसला.

"लक्षात राहिलं ना? मग झालं. आता नावं. त्यांचा स्वतःचा देश हांगुक. चीन चुंगुक. अमेरिका मीगुक."

"मी मी करणारा देश," एक पोरगी म्हणाली.

"अगदी बरोबर. जपान इल्बोन. जर्मनी तोगिल. ऑस्ट्रेलिया होजू. यांत युक्ती नाही, पाठच करायचं." बाई भराभर लिहीत होत्या. मग त्यांनी आपल्या देशाचं नाव लिहिलं. दोन ठोकळ्यांचं, सुटसुटीत. "हे तर प्रत्येकाला आलंच पाहिजे. कागदावर, विमानतळावर, दवाखान्यात, सगळीकडे पहिला प्रश्न हाच. म्हणा माझ्यामागून."

सगळ्यांनी म्हटलं. पेंटरनं म्हटलं नाही. तो फळ्यावरच्या त्या दोन ठोकळ्यांकडे बघत होता. ही आकृती त्यानं कधीच बघितलेली नव्हती. तिसऱ्या पानावरच्या तक्त्यात ती कुठेच नव्हती.

मग बाईंनी खाली लिहिलं, "आणि व्हिएतनाम. बेतुनाम. तीन ठोकळे. शेवटच्याच्या तळाशी चौकोन."

ही आकृती त्याच्या ओळखीची होती. सहाव्या ओळीत होती, आठव्या ओळीत होती. आणि मधल्या सातव्या ओळीतही होती.

"काका, लिहून घेताय ना?" बाईंनी विचारलं.

"हो, हो," पेंटर म्हणाला, आणि त्यानं पेन्सिल उचलली. पेन्सिल वहीवर टेकेना.

वर्ग सुटल्यावर पोरी एकमेकींना 'ओनु नारा सारामियेयो' विचारत जिना उतरल्या. पेंटर बाकावर बसून राहिला. बाईंनी फळा पुसायला घेतला तेव्हा तो म्हणाला, "बाई, एवढं राहू द्या जरा." आणि त्यानं पिशवीतून पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"हे काय?"

"तिसरं पान बघा. सातवी ओळ. माझा मुलगा आहे तो. त्याला त्यांनी बेतुनाम का केलंय?"

बाईंनी डस्टर ठेवलं. सगळं पान वाचायला त्यांना मिनिटसुद्धा लागलं नाही. मग त्यांनी पहिलं पान वाचलं, चौथं वाचलं, आणि खुर्ची ओढून त्याच्या समोर बसल्या.

"काका, तुम्हाला कुणी काय सांगितलंय?"

"बेपत्ता."

खाली शिंप्याचं मशीन चालू झालं आणि टेबलावरची पानं थरथरू लागली. त्यांनी पानांवर हात ठेवला.

"शेवटच्या रकान्यात तीन शब्द आहेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "कुजो म्हणजे वाचवलेले. चौघे. शिल्चोंग म्हणजे बेपत्ता. चौघे. आणि तिघांपुढं सामांग."

"सातव्या ओळीत?"

"सामांग."

पेंटरनं अर्थ विचारला नाही. वाचवलेले झाले, बेपत्ता झाले, आता उरलं काय? तो नुसता मान हलवत राहिला, गिऱ्हाईक पाटीचा मजकूर सांगतं तेव्हा हलवावी तशी.

"नवव्या दिवशी सापडला," बाई म्हणाल्या. "असं लिहिलंय इथं. पण काका, देश चुकलाय. वर व्हिएतनाम, खाली व्हिएतनाम, मधेही तेच टाइप झालंय. म्हणून ही बातमी तिकडे गेली असणार, तुमच्याकडे नाही. तुमच्या एजंटनं हे न वाचताच पहिल्या दिवशीच्या यादीवरून चिठ्ठी टाइप केली."

पेंटरला ही चूक माहीत होती. वरची ओळ बघता बघता हात तीच ओळ खाली पुन्हा उतरवतो. त्यानं स्वतः एकदा दोन डॉक्टर भावांच्या पाटीवर दोघांनाही थोरल्याचंच नाव दिलं होतं. पांढरा रंग फिरवून तासाभरात दुरुस्त केलं होतं आणि वर चहा प्यायला होता.

"फोन करता येईल का?" त्यानं विचारलं. "मुलगा कुठाय ते विचारायला."

त्या दिवशी शनिवार. कंपनीचं ऑफिस सोमवारी उघडणार होतं. ते दोन दिवस पेंटर घरी काहीच बोलला नाही. रविवारी वर्गाला म्हणून निघाला आणि बसस्टॉपवर अकरापर्यंत बसून परत आला. बायकोनं विचारलं, "आज काय शिकवलं?" तो म्हणाला, "देश." ती म्हणाली, "अजून देशच?" सून औषधांच्या दुकानातून आणलेली रिकामी खोकी घडी करून माळ्यावर टाकत होती. नवरा आला की वरच्या मजल्याच्या कामात सामान हलवायला लागतील म्हणून जमवलेली. पेंटरनं तिला एकेक खोकं हातात दिलं. तोंडात मूग धरणं म्हणजे काय, ते त्या दोन दिवसांत त्याला पुरेपूर कळलं.

सोमवारी सकाळी वर्गाच्या खोलीत बाईंनी स्वतःच्या फोनवरून नंबर लावला आणि फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा करून. पलीकडे एक बाई होती. आवाज तरुण, नम्र. आपल्या बाईंनी भराभर सगळं सांगितलं, बोटीचं नाव, तारीख, सातवी ओळ. पलीकडून की-बोर्डची टकटक ऐकू आली. मग ती तरुणी काहीतरी म्हणाली, आणि पेंटरच्या कानांनी त्यातले तीन शब्द जसेच्या तसे उचलले. ओनु नारा साराम. कुठल्या देशाचा माणूस.

बाई उत्तर देणार तेवढ्यात पेंटरनं हात वर केला. तो फोनवर वाकला. "चे आदुल," तो म्हणाला. माझा मुलगा. हे दोन शब्द त्यानं वर्गाबाहेर स्वतः शोधून ठेवले होते. मग त्यानं आपल्या देशाचं नाव घेतलं आणि पुढं जोडलं, "सारामियेयो."

मग ती तरुणी सावकाश, लहान मुलाला समजवावं तशी म्हणाली, "बेतुनाम सारामियेयो."

"आनियेयो," पेंटर म्हणाला. नाही.

तिनं पुन्हा तेच सांगितलं. यादीत तसंच होतं, बिचारी काय करणार.

"आनियेयो," पेंटर म्हणाला. त्यानं पुन्हा देशाचं नाव घेतलं, पुन्हा साराम म्हटलं. त्याच्याजवळ याहून जास्त भाषा नव्हती. मुलगा डावखुरा होता, झोपेत दात खायचा, ऑइलपेंटच्या वासानं त्याला शिंका यायच्या, हे सांगायला शब्द कुठून आणायचे? चौथ्या आठवड्यापर्यंतचं जे होतं तेच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला, आवाज चढत गेला, आणि शेवटी बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि फोन स्वतःकडे घेतला.

कंपनीनं चौकशीला बारा दिवस घेतले. बाराव्या दिवशी फोन आला तेव्हा पेंटर बाईंकडेच होता. उत्तर सरळ होतं. तीन पेट्या सीलबंद करून व्हिएतनामला गेल्या होत्या. दोन त्या त्या घरच्यांनी नेल्या. तिसऱ्या पेटीवरच्या नावाचं माणूस तिथं कुणाच्याच ओळखीचं नव्हतं. महिनाभर वाट बघून तिथल्या एका बंदराच्या गावानं बेवारस म्हणून माती दिली. एकट्याला नाही, इतर काही जणांबरोबर, एकाच जागी. आता त्यातून वेगळं काढणं होणार नाही. कंपनीला फार वाईट वाटतं. यादी दुरुस्त करून पाठवत आहोत.

"दुरुस्त करून," पेंटर म्हणाला.

"हो काका."

"त्यांना विचारा, त्याला कुणी बघितलं का? पेटी बंद करायच्या आधी. चेहरा."

बाईंनी विचारलं. पलीकडची तरुणी बराच वेळ बोलली. बाईंनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "तिला माहीत नाही म्हणते." एवढ्या लांब बोलण्याचं एवढंसंच उत्तर कसं, हे पेंटरनं विचारलं नाही.

त्या संध्याकाळी त्यानं घरी सांगितलं. आधी सुनेला सांगायचं की बायकोला, हे ठरेना, म्हणून दोघींना समोर बसवून सांगितलं. सून उभी राहिली, आणि बसली, आणि परत उभी राहिली. "म्हणजे आपण इथं वाट बघत होतो," ती म्हणाली, "आणि तो तिथं महिनाभर..." पुढचं तिला बोलवेना.

बायको रडली नाही. ती पेंटरकडे बघत होती.

"कशाला शिकलात?" ती म्हणाली.

"अगं, तूच म्हणालीस ना, चार पानांत..."

"मी म्हणाले. मी बाई आहे, मी बोलते. तुम्ही कशाला शिकलात?" तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "बेपत्ता होता तर सकाळी उठत होते मी. आता उठून काय करू?"

पेंटरला वाटत होतं, तिला सांगावं की मीही त्यासाठीच शिकायला गेलो होतो, कळायला उशीर व्हावा म्हणून. पण हे सांगून काय होणार? शहाण्यानं जखमेला हवा लागू द्यावी, हात लावू नये. तो गप्प बसला, आणि ते गप्प बसणं पुढं दोघांच्याही अंगवळणी पडलं.

दुरुस्त यादी पंधरा दिवसांनी आली. तिच्या आधारावर मृत्यूचा दाखला मिळाला. दाखला घेऊन सुनेचा भाऊ तिला न्यायला आला. तिनं सासूच्या गळ्यात पडून "आई, मी येत जाईन" म्हटलं, आणि ती दोनदा आलीही. मग तिच्या भावाच्या घरापासून बस बदलावी लागते वगैरे कारणं आली, आणि कारणं खरीच होती.

बाईंनी एकदा निरोप पाठवला, "काका, वर्गाला या, नुसतं बसलात तरी चालेल." पेंटर गेला नाही. त्याच्या डोक्यातून मात्र काही गेलं नव्हतं. रस्त्यात कुणी परदेशी दिसला की आतून प्रश्न आपोआप वर यायचा, आणि तो दुसरीकडे बघायचा.

पावसाळा सरल्यावर त्याला एका नव्या इमारतीचं काम मिळालं. तळघरातल्या गाड्यांच्या जागा आखायच्या. पिवळा रंग, चार इंचांची पट्टी. छापील फलकांना हे जमत नाही, जमिनीवर वाकून हातानंच करावं लागतं. तळघरात उजेड कमी आणि थिनरचा वास कोंडलेला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत गवंडी, इलेक्ट्रिशियन सगळे वर गेले, पेंटर खालीच बसला. डबा उघडला. बायकोनं डब्यात दोन भाज्या दिल्या होत्या. बोलत नसली तरी डबा देण्यात तिनं कधी कसूर केली नव्हती. त्यानं दोन घास खाल्ले आणि मग अचानक, काही कारण नसताना, तो इतका मोठ्यानं रडू लागला की तळघरभर आवाज घुमला. वरून कुणीतरी ओरडून विचारलं, "कोण आहे रे खाली?"

पेंटरनं तोंड पुसलं. "पेंटर," तो म्हणाला. "काही नाही. चालू द्या."